तिची नळी पिवळी झाली

कुणी फुकट काही वाटायला लागलं की मला पहिला प्रश्न पडतो, पैसे कोण देतंय. त्या उन्हाळ्यात आमच्या चाळीमागच्या बालवाडीत बाहेरगावचे दातांचे दोन डॉक्टर येऊन बसले, सोबत दंतमंजनाच्या पुड्यांचं खोकं. दारावर कापडी फलक: ‘दंतक्षय जंतू तपासणी’. आत गेलेल्याला ते मेणाचा तुकडा चघळायला देत, तोंडात साठलेली थुंकी काचेच्या नळीत घेत, तिचे थेंब दुसऱ्या नळीतल्या हिरव्या, खळीसारख्या पदार्थात मिसळत आणि ती नळी उबेला ठेवत. दात किडवणारे जंतू थुंकीत फार असले तर हिरव्याचं पिवळं होतं म्हणे. मी दारातच विचारलं, पिवळं झाल्यावर पुढं काय? दात भरून देणार का? त्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, आम्ही फक्त पाहणी करतोय. म्हणजे थुंकी आमची, पाहणी त्यांची.

मी तेव्हा आमच्या युवक संघटनेची पत्रकं लिहायचे. कुठला शब्द कुणाच्या कानाला कसा लागेल, हे मला कळतं असा माझा समज होता. पण या फलकातली मेख माझ्याआधी नळावरच्या बायकांनी हेरली. आमची वस्ती गिरणीतल्या नाहीतर मागावरच्या माणसांची. छातीत कापसाची धूळ घेऊन जगणाऱ्यांची थुंकी तपासतात ती एकाच रोगासाठी, आणि त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. इथं ते दारावर टांगलं होतं. ‘दंत’ कुणी वाचलंच नाही. ‘क्षय’ सगळ्यांनी वाचलं.

नळ्या तयार झाल्यावर डॉक्टरांनी त्या टेबलावर ओळीनं उभ्या केल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. शेजारच्या खोलीतली माझी मैत्रीण टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची. दाढ ठणकते म्हणून तीही थुंकी देऊन आली होती. तिची नळी पिवळीधमक. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की तिची थुंकी पिवळी निघाली. मैंदर्गीचं स्थळ तिला बघून, पसंत करून गेलं होतं. साखरपुडा तेवढा राहिला होता. कुणीतरी हितचिंतक एसटीनं बातमीही तिकडं पोचवून आला.

मी तडक बालवाडीत गेले. ‘दात किडणे’ असं लिहायला काय झालं होतं, विचारलं. तर म्हणे पुस्तकातला शब्द तोच आहे. आणि नावं लावली नाहीत तर कुणाची नळी कोणती हे कळणार कसं? मी म्हटलं, ते तुम्हाला कळायला हवं होतं, गल्लीला नव्हे. त्यांनी पट्ट्या काढल्या. सगळ्यांनी वाचून झाल्यावर.

मग मी पत्रक काढलं: ‘किडकी दाढ म्हणजे क्षय नव्हे’. घरोघरी वाटलं. नळावर त्याचा अर्थ लागला तो असा, की एवढं छापून सांगतात म्हंजे कायतरी हाय की.

मुलाची आई मैत्रिणीच्या घरी आली ती एकटीच. चहाला हात लावला नाही. मी तिला दातांचे जंतू वेगळे असतात, ते तुमच्या-आमच्या तोंडातही असतात, असं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, तू कोणाची कोण, आणि तुला हिचा एवढा पुळका कशापायी. मग ती मैत्रिणीच्या आईकडं वळली.

“थुंकीचं आमाला सांगू नगा. छातीचा फोटू काडून आणा, मग बोलू.”

आई-वडील खाली मान घालून बसले. मैत्रीण आतल्या दारात उभी होती. म्हणाली, “काडते की. पन दोगांचाबी काडायचा.”

“आमच्या पोराला काय धाड भरलीय?”

“मला तरी कुटं काय झालंय?”

बाई उठून गेली. स्थळ घालवलंस म्हणून मैत्रिणीला आईनं फैलावर घेतलं. तरी ती माझ्यासोबत सरकारी दवाखान्यात आली आणि फोटो काढून घेतला. छाती साफ होती. दाढ तशीच ठणकत होती. तिचं कुणी काही विचारत नव्हतं.

पुढच्या रविवारी मुलगा स्वतःच आला. आईला न सांगता. त्यानं पिशवीतून छातीच्या फोटोची काळी फिल्म काढून मैत्रिणीच्या वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती खिडकीशी धरली, उलटी. मग सुलटी. त्यातलं आम्हाला कुणालाच काही कळत नव्हतं, तरी मीसुद्धा जाणत्यासारखी बघत राहिले. बरगड्यांच्या मधोमध एक पांढरा, अंड्याएवढा ठसा होता. मुलगा ओशाळून म्हणाला, “गळ्यातलं लिंग काडनार न्हाय म्हनलो, तसाच काडला त्यांनी.”

मैत्रिणीच्या आईनं डोळे बारीक केले. “फोटू ह्यांचाच कशावरनं?”

खरं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. लिंगाची चांदीची डबी लिंगायतांच्यात घरोघरी असते.

आतून मैत्रिणीचा आवाज आला. “त्यांचाच हाय. डबीचं एक टोक वाकडं हाय बगा.”

“तुला काय ठावं?”

“बगायला आलते तवा पोहे घेताना वाकले, आन् ती सदऱ्याच्या भाईर आली की.”

मुलाच्या कानापर्यंत लाली चढली. तिच्या आईनं नवऱ्याच्या हातातून फिल्म काढून घेतली, उजेडाला धरली, आणि वाकडं टोक शोधू लागली.