दादाच्या नावाआधीचं 'कै.'

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर डबा खाताना वाचत आले, टाइमपास म्हणून. भुतंखेतं, संकेत, पितर... माझा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. मी महाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नाव आणि आकडा दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्ट हातातून सोडायचा नाही, ही माझी सवय. हे सांगते आहे कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल, की टाइप करताना तुझंच काहीतरी चुकलं असेल. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते.

आमचं गाव पोलादपूरपासून आत. हमरस्ता सोडून गाडी आत आली की एक फाटा लागतो, तिथून दीड किलोमीटरवर आमची वाडी. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा भाऊ होता, निलेश. होता म्हणायचं की आहे, हाच सगळा प्रश्न आहे.

दादा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कामाला होता. माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधी त्याने कुणाला न विचारता ती नोकरी सोडली. वासाने डोकं दुखतं म्हणाला. अण्णा फार चिडले. त्यांच्या ओळखीने लागलेली नोकरी होती ती. बोलता बोलता ते म्हणाले, "या घरात परत तोंड दाखवू नको." दादा उठला. बाईक काढली आणि गेला. दोन दिवसांनी बाईक सावित्रीच्या पुलाजवळ सापडली, स्टँडवर नीट उभी, किल्ली तशीच. पावसाचे दिवस होते, नदी दोन्ही काठ भरून चालली होती. पोलिसांनी शोधलं, गावातल्या पोहणाऱ्यांनी शोधलं, पार खाडीपर्यंत निरोप गेले. काहीच मिळालं नाही.

आई त्याला गेलेला मानायला तयार नव्हती. पाच वर्षं अण्णांनीही काही केलं नाही. पण माझं लग्न ठरायची वेळ आली तशी भावकीतले म्हणायला लागले, आधी पोराचं करून टाका, मग पोरीचं कार्य काढा. शेवटी सहाव्या वर्षी अण्णांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेराव्याचं जेवण घातलं. आई त्या दिवशी माहेरी निघून गेली होती.

मग प्रसादचं स्थळ आलं. तो मूळचा खेडचा, पुण्याला कॉम्प्युटर नेटवर्कचं काम बघतो. पत्रिका आणि लग्नाची वेबसाइट आपणच बनवायची हे आमचं फोनवर ठरलं. खरं तर मला हौस होती. बऱ्याच वर्षांनी घरात काहीतरी चांगलं होत होतं आणि ते मला माझ्या हातांनी करायचं होतं. डिझाइन करायची एक ऑनलाइन साइट आहे, तिथे मी पत्रिका करायला घेतली. कडेला भाताच्या लोंब्यांची नक्षी, वर गणपती, पिवळसर कागद...

नावांपाशी येऊन गाडी अडली. आशीर्वादाच्या जागी कै. आजोबा आणि कै. आजी. त्यांच्याखाली दादाचं नाव घाल, कै. लावून, असं अण्णांनी सांगितलं.

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "थोरला भाऊ हाय तो तिचा. त्याचं नाव स्वागताला घाल. दारात उभा राहील तो."

"भावकी बघते पत्रिका," अण्णा म्हणाले. "कै. लाव. आता नाय लावलंस तर केलेलं सगळं वाया."

आईने चुलीत लाकूड सारलं. मी 'कै. निलेश' असं टाइप केलं. ते एक अक्षर टाइप करताना माझा हात थांबला होता, खोटं सांगणार नाही. पण टाइप केलं. दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून मोबाईलवर बघितलं तर तिथे नुसतं 'निलेश' होतं.

फॉन्टचा घोळ असेल म्हणून पुन्हा घातलं. मराठी फॉन्ट असे दगा देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वरच्या आजोबा-आजींचं कै. जिथल्या तिथे होतं. तोच फॉन्ट, तोच साइझ. चार दिवसांत मी तीनदा कै. घातलं आणि तीनदा ते गेलं. आईचा संशय यावा तर तिला फोनवर आलेला व्हिडिओ लावायलाही मी लागते.

शेवटी फाइल घेऊन स्वतः महाडच्या प्रेसमध्ये गेले. तिथल्या ताईंच्या स्क्रीनवर उभं राहून बघितलं, कै. होतं. त्यांच्याकडूनही वाचून घेतलं. संध्याकाळी पत्रिकांचे गठ्ठे घरी आले. एकाही पत्रिकेवर दादाच्या नावाआधी कै. नव्हतं. प्रेसमध्ये फोन केला तर ताई म्हणाल्या, "तुम्ही दिलीत तीच फाइल छापली हो." त्यांच्याकडच्या फाइलमध्येही आता ते नव्हतं.

अण्णांनी एक पत्रिका हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "राहू दे. आता वेळ नाय परत छापायला." वेळ होता. पण मीही गठ्ठे उचलून आत ठेवले. आईने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि उरलेल्यांना स्वतः कुंकू लावायला बसली.

इथवरचं मी अजूनही चूक म्हणून सोडून दिलं असतं.

वेबसाइट अगदी साधी होती. आमचे दोन फोटो, कार्यक्रम, कार्यालयाचा नकाशा, आणि मुंबईहून येणाऱ्यांसाठी एक फॉर्म. आदल्या दिवशी महाडजवळच्या वीर रेल्वे स्टेशनवर गाडी पाठवणार होतो, म्हणून नाव, मोबाईल, किती जण, कुठे उतरणार, एवढंच विचारलं होतं. लग्नाला पंधरा दिवस असताना, दुपारी लॅबमध्ये फॉर्म उघडला. आलेल्या नावांत चौथी ओळ होती: निलेश. १ जण. वीर.

मोबाईलचा रकाना रिकामा होता. तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. मीच तसं केलेलं, तपासलेलं.

मला राग आला. कुणीतरी घाणेरडी थट्टा करत होतं. ती ओळ मी पुसून टाकली आणि प्रसादला सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "रकाना रिकामा म्हणजे फॉर्म भरलेला नाही, आतून कुणीतरी लिहिलंय. तुझ्या ईमेलचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

तेव्हा मला आठवलं... ते ईमेल दादानेच उघडून दिलं होतं, मी कॉलेजला असताना. पासवर्डही त्याचाच. मी कधी बदलला नव्हता. पत्रिकेची साइट, वेबसाइट, फॉर्म, सगळं त्या एकाच ईमेलवर.

लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की तो असेल. कुठेतरी खोली घेऊन राहत असेल, मोबाईलवर माझी पत्रिका बघत असेल, आणि आपल्या नावाआधीचं ते कै. पुसत असेल.

प्रसादने सगळं तपासलं. माझा मोबाईल आणि माझा लॅपटॉप सोडून कुठल्याच मशिनवरून कुणी आत शिरलेलं नव्हतं. तरी पासवर्ड बदलला. तिसऱ्या दिवशी ती ओळ पुन्हा होती. निलेश. १ जण. वीर.

मी पुन्हा पुसली. घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण फोनवर प्रसादशी बोलताना आईने ऐकलं. तिने सगळं विचारून घेतलं, एकदाही न रडता. मग म्हणाली, "कितीच्या गाडीनं येतोय?"

"आई, कुणी येत नाहीये. दादा गेलाय."

"तू बघितलास?"

मी हातातला फोन खाली ठेवला.

"मग यादीत त्याचं नाव ठेव गो. गाडी लावलीस तर त्याला लावणार नाय काय?"

मी ठेवलं नाही. ते मला आजही टोचतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. वीरला गाडी घेऊन इक्बालभाई गेले. ते महाडचे. बरीच वर्षं कुवेतला गाडी चालवून परत आले, आता त्यांची स्वतःची ईको व्हॅन आहे. आमच्या घरचं त्यांना काही माहीत नव्हतं. लॅबच्या डॉक्टरांनी त्यांचा नंबर दिला होता. मी त्यांना तीन नावं दिली होती: डोंबिवलीची आत्या, तिचे मिस्टर आणि माझी मैत्रीण सुप्रिया.

दुपारी तीनच्या सुमाराला गाडी दारात आली. तिघं उतरली. सामान काढून झाल्यावर इक्बालभाई मला म्हणाले, "ताई, एक माणूस जास्तीचा होता. बोलला लग्नाचाच आहे, म्हणून घेतला. चालतंय ना?"

"कोण माणूस?"

"नाव विचारलं तर बोलला, घरचाच आहे. मागं बसला शेवटच्या सीटवर. फाट्यावर उतरला. मी बोललो, अरे घरापर्यंत सोडतो, तर बोलला रस्ता माहीत हाय, चालत जातो." त्यांनी गाडीचं दार सरकवून लावलं. "अण्णा म्हणजे कोण?"

अण्णा माझ्या मागेच उभे होते, मांडवाची दोरी हातात घेऊन.

"का?" मी विचारलं.

"उतरताना मला विचारलं त्यानं, अण्णा बरे हायत ना, म्हणून. मला काय माहीत. मी बोललो, बरे असतील, घरात लग्न हाय."

मी आत्याकडे बघितलं. ती गोंधळून गेली. म्हणाली, "आम्ही तिघंच होतो गो. चौथं कोण नव्हतं." सुप्रिया म्हणाली, मागच्या सीटवर तर तिची बॅग होती. पण गाडी फाट्यावर थांबली होती, हे दोघींनी सांगितलं. दार सरकवल्याचा आवाजही दोघींनी ऐकला होता. त्यांना वाटलं, दार नीट लागलं नसेल म्हणून इक्बालभाईंनी थांबवलं.

इक्बालभाईंचा चेहरा उतरला. "मी खोटं कशाला बोलू," एवढंच ते म्हणाले.

हळदीचे हात पदराला पुसत आई बाहेर आली. तिने कधी ऐकलं कोण जाणे. सरळ इक्बालभाईंसमोर जाऊन तिने विचारलं, "बारीक झालाय काय ओ तो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नाय मावशी," ते म्हणाले. "बरा होता. निळा शर्ट होता अंगात. थकल्यासारखा वाटला जरा, बस."

आईने मान हलवली आणि आत जाऊन पुन्हा हळद कालवायला बसली. अण्णांनी दोरी खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि फाट्याच्या वाटेला लागले. मी मागोमाग जाणार होते, पण मला पाटावर बसवलं. बायका गाणी म्हणत होत्या. माझं सगळं लक्ष वाटेकडे. वाटेच्या दोन्हीकडे भाताची रिकामी खाचरं, लपायला झाड नाही. मधे ज्यांचं घर आहे ते काका सकाळपासून अंगणात बसून पत्रावळी मोजत होते. त्यांनीही कुणाला येताना पाहिलं नाही.

अण्णा दिवेलागणीला एकटेच परत आले. त्यांनी पाय धुतले आणि सगळ्यांबरोबर पंगतीला बसले. दुसऱ्या दिवशी लग्न झालं. व्यवस्थित झालं. फोटोत आम्ही सगळे हसतो आहोत. मी मात्र प्रत्येक फोटोत मागच्या माणसांचे चेहरे बघत बसते.

याला आता दीड वर्ष होईल. प्रसाद म्हणतो, साइटमध्ये काहीतरी बिघाड असणार. असेल. सुप्रिया म्हणते, इक्बालभाईंना भास झाला. असेल. पण ज्या माणसाला आमच्या घरात एक मुलगा होता हेही माहीत नव्हतं, त्याला 'अण्णा' हा शब्द भासात कुठून मिळाला? आणि दादा जिवंत आहे, त्यानेच हे सगळं केलं म्हणावं, तर आत्या आणि सुप्रियाला तो दिसला का नाही? मी रिपोर्ट तपासावेत तसं हे सगळं कितीदा तपासलं. कुठलाच आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

आई बरी आहे. खरं तर आधीपेक्षा बरी आहे. तिच्या लेखी तो आला होता, बहिणीच्या लग्नाला आला होता, आणि तिला तेवढं पुरतं.

अण्णांचं तसं नाही. ते फार कमी बोलतात आता. गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. दुपारचं जेवण झाल्यावर ओट्यावर आम्ही दोघंच होतो. ते वाटेकडे बघत म्हणाले, "फाट्यापासून घर किती गो?"

त्यांचा जन्म या वाटेवर गेला. तरी मी सांगितलं, "दीड किलोमीटर, अण्णा."

"एवढा आला होता," ते म्हणाले. "मग दीड किलोमीटर का नाय आला?"

मेलेला असेल तर का आला, आणि जिवंत असेल तर का परत गेला... यातलं कुठलं उत्तर अण्णांच्या मनाला कमी लागेल, हे मला माहीत नाही. मी त्यांच्याजवळ तशीच बसून राहिले.