इस्लामपूरच्या कॉम्प्युटरवाल्या बाई

डेअरीच्या सगळ्या केंद्रांचे कॉम्प्युटर त्या बाई इस्लामपूरच्या ऑफिसातून सांभाळायच्या. कितीही घाईने फोन करा, आधी विचारायच्या, "च्या घेतलासा का?" मला राग यायचा.

एका सकाळी आमच्या म्हसवड केंद्रावरचा प्रोग्रॅम उडाला. फॅटची नोंद होईना, दूध घेणं थांबलं. बाहेर रांगेतल्या कॅनवर ऊन आलं. दूध नासणार म्हणून घाबरून मी बाईंना फोन लावला.

"मोडेम लावा, फोन ठेवा. कशाला हात लावू नका, नवा प्रोग्रॅम मी हितनंच घालते," त्या म्हणाल्या.

पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाई, चालू झालं!"

"रिसिव्हर कॅनजवळ धरा. दूध ओतल्यालं ऐकू दे मला. घरची म्हस इकल्यापास्नं त्यो आवाज ऐकला न्हाई."

मी धरला. दूध ओतलं. रिसिव्हर कानाला लावला, तर बाई पलीकडे रडत होत्या.