दुगावच्या वळणावर बंद पडणारी जीप

“मिस्त्री, आज परत बंद पडली. त्याच जागी.”

हिराबाई जीपमधून उतरल्या, पण इंजिन चालूच ठेवलं. मुद्दाम. मला ऐकवायला. आणि इंजिन असं चाललं होतं की बॉनेटवर नाणं उभं केलं असतं तरी पडलं नसतं.

“आता तर चालू आहे,” मी म्हणालो.

“आता हाय. सकाळी नव्हती.”

“मग मी बघू काय?”

“ते मला विचारता? मिस्त्री तुम्ही का मी?”

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा हिवाळा असावा. माझं गॅरेज पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या मागे. मी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण पेट्रोल जीपचं काम म्हटलं की नाशकात लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारे आता फारसे उरले नाहीत.

हिराबाईंचा गुलाबाचा मळा गिरणाऱ्याला. त्यांचे मालक नामदेवराव. त्यांच्या पायात सळई घातल्यापासून जीप बाईच चालवत. फुलं संध्याकाळी तोडायची, रात्री पेट्या भरायच्या, पहाटे सव्वापाचला निघायचं आणि नाशकाच्या स्टँडवर साडेसहाची मुंबई गाडी गाठायची. एसटीच्या टपावर पेट्या चढल्या की दादरला व्यापारी उतरवून घ्यायचा. त्या महिन्यात दोनदा गाडी चुकली होती. फुलं दुपारी पोचली, माना टाकून. व्यापाऱ्याने निरोप धाडला होता, आणखी एकदा असं झालं तर मी दुसऱ्याची फुलं घेईन. गिरणाऱ्यात गुलाबवाले काय ते एकटेच नव्हते.

“आमचे दीर म्हणतात, हे पेट्रोलचं इंजिन काढून फेका, डिझेल टाका,” बाई म्हणाल्या. “मी म्हटलं रविवारपर्यंत थांबा. पुढं मग माझं कोणी ऐकायचं नाय.”

डिझेल इंजिनाचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. आणि हे इंजिन तर मीच मे महिन्यात सगळं खोलून नवं केलेलं.

या तक्रारीसाठी जीप तिसऱ्यांदा माझ्या दारात आली होती. पहिल्या वेळी मी कार्बोरेटर खोलला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र कालवणारं भांडं. त्यात जेट असतात, सुईच्या नेढ्याएवढी भोकं. तिथे कचरा अडकला की गाडी बंद पडते. मी सगळे जेट फुंकून काढले. कचरा नव्हताच, तरी काढला. दुसऱ्या वेळी पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंपाचा पडदा बदलला, कंडेन्सरही बदलला. आता बदलायला फक्त बाई उरल्या होत्या.

“तुम्ही चोक नीट वापरत नाही,” मी म्हणालो. चोक म्हणजे हवा कमी करणारी झडप. गार इंजिनाला सकाळी पेट्रोल जास्त लागतं, तेव्हा चोक ओढायचा. इंजिन तापत गेलं की हळूहळू आत ढकलायचा. विसरलं तर गाडी गुदमरते.

“सुरू झाली की अर्धा ढकलते, मैलभर गेलं की पुरा,” बाई म्हणाल्या. “आणि एक सांगू? बंद पडली की बॉनेट उघडून मी त्या भांड्याला हात लावते. लय गार लागतं.”

“थंडीचे दिवस आहेत बाई. लोखंड गारच लागणार.”

“बाकीचं इंजिन गरम असतं, मिस्त्री. तेवढंच गार.”

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. कामाची गोष्ट तेवढीच होती, हे आता लिहिताना कळतं. तेव्हा मी दुसरंच बोललो. “किती वेळाने चालू होते?”

“पाच-धा मिनिटं थांबलं की आपोआप. पुढं जाऊन परत एकदा मरते. मग दिवसभर काय नाय. पण मी कशाला थांबते? घाईत स्टार्टर मारत बसते, मग बॅटरी उतरते.”

“उद्या परत बंद पडली तर घेऊन या.”

“घेऊन आले की चालूच असते ना! तुम्हीच चला. आज मुक्कामाला या, पहाटे शेजारी बसा.”

मी कधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन गाडी बघितलेली नव्हती. गाडी माझ्याकडे यायची, मी गाडीकडे जायचो नाही. हा माझा नियम. पण डिझेल इंजिन डोळ्यासमोर आलं आणि मी हत्यारांची पिशवी उचलली.

गिरणाऱ्याला नामदेवराव पडवीत पाय लांब करून गुलाबाच्या जुड्या बांधत होते. मला बघून खूष झाले.

“मिस्त्री, चूक हिची निघाली तर आधी मला सांगा. वीस वर्षं शोधतोय, सापडत नाय.”

“हात चालवा,” बाई आतून म्हणाल्या.

पहाटे निघालो. धुकं असं की पुढचा दिवा दहा हातांवर संपत होता. तिकडे गंगापूर धरणाचं पाणी जवळ, बाजूला भिजवलेले मळे, त्यामुळे हवा अशी ओली की माझा मफलर चिंब झाला. गाडी एका स्टार्टरला सुरू झाली. मी बाईंच्या हाताकडेच बघत होतो. चोक अर्धा ढकलला. मैलभराने पुरा. अगदी बरोबर. माझा एक आरोप तिथेच गेला.

तीन-चार किलोमीटर झाल्यावर इंजिन आचके द्यायला लागलं. दुगावच्या वळणावर बाईंनी पाय उचलला आणि गाडी मेली.

“घ्या,” बाई म्हणाल्या. “बघून घ्या पोटभर.”

मी टॉर्च घेऊन उतरलो, बॉनेट उघडलं, कार्बोरेटरला हात लावला आणि मागे ओढला. चटका बसावा तसा, पण गारव्याचा. उजेड जवळ धरला. भांड्याचा खालचा भाग, जिथे ॲक्सिलरेटरची झडप असते, पांढरा झालेला. मी नखाने खरवडलं. बोटावर घेतलं. पाणी झालं.

मी तिथेच उभा राहिलो. बत्तीस वर्षं हा धंदा केला. नाशकात, इंजिनाच्या अंगाला लागून, बर्फ!

“काय झालं?”

“बर्फ आहे.”

“मी म्हटलं नव्हतं गार लागतं?”

“गार म्हणालात. बर्फ म्हणाला नाहीत.”

“मिस्त्री, आधी गाडी चालू करा. भांडण स्टँडवर करू.”

हे असं का होतं ते साधं आहे. पेट्रोल हातावर सांडलं तर हात गार पडतो, कारण उडून जाताना ते अंगातली ऊब घेऊन जातं. कार्बोरेटरात सारखं तेच चाललेलं असतं. त्यात आत येणारी हवा आधीच थंड आणि धुक्याने ओली. त्या हवेतलं पाणी झडपेवर जमतं आणि गोठतं. झडपेच्या कडेची बारीक वाट बंद होते आणि पाय उचलला की इंजिन मरतं. मग उभ्या गाडीत खालच्या इंजिनाची ऊब वर चढते, बर्फ वितळतो, गाडी चालू. मी गॅरेजात दहा वाजता कार्बोरेटर खोलला तेव्हा आत काय सापडणार होतं? चोर केव्हाच पाणी होऊन गेलेला.

पण हे सगळं मला नंतर नीट जुळवता आलं. तेव्हा एवढंच कळत होतं की त्याला ऊब पाहिजे आणि थांबायला वेळ नाही.

“त्या थर्मासात काय आहे?”

“चहा. स्टँडवर पेट्या चढवणाऱ्याला देते.”

“द्या इकडे.”

“आत्ता चहा पिता, मिस्त्री?”

मी टोपण काढलं आणि अख्खा चहा कार्बोरेटरच्या अंगावर बेताबेताने ओतला. तारांवर उडू दिला नाही. वाफ निघाली. आल्याचा वास सुटला. बाई तोंडावर पदर धरून बघत होत्या.

“स्टार्टर मारा.”

एका झटक्यात लागली.

फुलांच्या पेटीचं एक झाकण घेतलं आणि रेडिएटरच्या पुढे खोचलं, म्हणजे समोरची गार हवा आत घुसणार नाही. बाईंना सांगितलं, गियर खालचा ठेवा पण ॲक्सिलरेटरवरून पाय पुरता उचलू नका. गोवर्धन गावाच्या अलीकडे एकदा आचका आला. बाईंनी पाय दाबून धरला, मी देवाचं नाव घेतलं, आणि ती सावरली. स्टँडवर पोचलो तेव्हा ड्रायव्हर जागेवर बसला होता आणि कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला होता. बाई खालूनच ओरडल्या, “ओ भाऊ, गुलाब हायेत गुलाब!” कंडक्टर हसला आणि हात काढला. पेट्या चढल्या.

बाई पेट्या चढवून घेत होत्या तेव्हा मी बॉनेट उघडं टाकून बघत बसलो. एअर क्लीनर, म्हणजे हवा गाळणारा डबा, त्याच्या नळीला एक मोकळं तोंड होतं. त्या तोंडाकडे बघता बघता मला मे महिना आठवला.

या जुन्या इंजिनाला कंपनीकडून एक पत्र्याचा पाइप येतो. धूर बाहेर टाकणारा नळ पहिल्या दोन मिनिटांतच तापतो. त्या नळावर पत्र्याची टोपी, आणि टोपीपासून एअर क्लीनरपर्यंत पाइप. म्हणजे थंडीत इंजिनाला शेकलेली हवा मिळते. उन्हाळ्यासाठी त्याला बंद करायची पट्टी पण असते. मे महिन्यात इंजिन खोललं तेव्हा तो पाइप मी काढला होता. या गाडीचा एकटीचाच नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक जीपचा. नाशकाच्या उन्हात इंजिनाला गरम हवा कशाला पाजायची? ही गोऱ्या लोकांच्या मुलखातली गोष्ट, असं मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचो. आणि ते कधी अंगाशी आलं नाही, कारण बाकीच्या गाड्या गावातल्या. ऊन वर आल्यावर निघणाऱ्या. धरणाच्या काठाने पहाटे सव्वापाचला जाणारी ही एकच.

चहाच्या टपरीवर बाईंनी विचारलं, “मग आता विलाज काय?”

मी म्हणू शकत होतो की नवीन पार्ट बसवावा लागेल. त्यांना काय कळणार होतं? पण ज्या बाईने न खोलता आजार ओळखला, तिच्याशी खोटं बोलायला तोंड होईना.

“गरम हवेचा एक पाइप बसवायचा.”

“आधी नव्हता का?”

“होता.”

“मग गेला कुठं?”

“मी काढला.”

बाईंनी बशी खाली ठेवली. “म्हंजे पाइप तुम्ही काढला, आणि तीन खेपा गाडी आणली तर मलाच म्हणत होता चोक नीट वापरा?”

“हो.”

“वरनं माझा चहा पण सांडला.”

“तो दुसरा सांगितलाय.”

त्या हसायला लागल्या. मला हसायला थोडा वेळ लागला.

जुना पाइप भंगारात गेला होता. भद्रकालीत माझ्या ओळखीचा एक पत्रेवाला बसायचा. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा घेऊन त्याच्यापुढे ठाण मांडलं. माप माझं, कापणं त्याचं. त्याला वाटलं मी बंबाचं धुराडं करतोय. संध्याकाळी पाइप बसला. त्यावर सूर्यफुलाचं अर्धं चित्र दिसत होतं, ते मी मुद्दाम खालच्या बाजूला फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. मी परत शेजारी बसलो. दुगावचं वळण आलं. बाईंनी मुद्दाम पाय पुरता उचलला. इंजिन हळू आवाजात चालत राहिलं. रविवारी दीर आले, इंजिन ऐकून गेले. डिझेल इंजिन काही बसलं नाही. दादरचा व्यापारी टिकला. ती जीप पुढे सात हिवाळे चालली, मग त्यांनी पिकअप घेतला.

या धंद्यात मी एवढं शिकलो की गाडी ज्या घटकेला आणि ज्या जागी बंद पडते, तिथे जाऊन तिला हात लावावा. गॅरेजात आलेली गाडी म्हणजे बरा झालेला रोगी. आणि कंपनीने लावलेला पार्ट कशाला आहे ते कळत नसेल, तर तो फालतू आहे असं समजू नये. त्यानंतर कुठलाही पार्ट काढला की मी तो कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला लागलो. सांगायचो, फेकू नका, माझं चुकलं असेल तर परत बसवू.

परत घेऊन फारसं कोणी आलं नाही, हेही सांगून ठेवतो.