गिरणीला मीच जायचे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, मुलाला नाही, आमच्या ह्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही. कदाचित तुम्ही माझ्या सुनेला ओळखत नाही म्हणून असेल.

पण आधी माझी फुशारकी ऐकून घ्या. ती ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे मेढ्याकडच्या डोंगरातले. लहानपणी सकाळी नाचणीची भाकरी, रात्री नाचणीची भाकरी, मधे काही मिळालंच तर नाचणीची आंबील. फौजेत गेल्यावर पहिल्यांदा पोटभर गव्हाची चपाती मिळाली आणि ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की आता मागे वळून बघायचं नाही. साताऱ्यात घर बांधलं, पेन्शन सुरू झाली आणि पाठोपाठ साखर निघाली. पायाला काहीतरी खरचटलं होतं, ते भरेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि ताट बदला म्हणाले. नाचणी, ज्वारी, कडधान्यं, पालेभाज्या. घरी आल्यावर ह्यांनी पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती, तोवर मला बजावलं, "गोळ्या धा दे, खातो. पर त्या काळ्या भाकरीला पुन्ना तोंड लावणार न्हाई. सांगून ठिवतो."

आता मी कोण, तर रहिमतपूरच्या धान्यवाल्याची मुलगी. दाणा दाताखाली धरला की जुना का नवा ते सांगते. आणि मला हरायला आवडत नाही. भांडून तर मुळीच नाही. मी 'बरं' म्हणाले आणि कामाला लागले.

नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची. सोबत थोडी ज्वारी, मूठभर हरभरे, चमचाभर मेथ्या. हे सगळं गव्हात मिसळायचं आणि डबा उचलून गिरणीला जायचं. सुरुवातीला मूठभरच मिसळलं. जिभेला कळेना म्हटल्यावर वाढवत गेले. शेवटी गहू निम्मा आणि बाकी सगळं माझं, इथवर गाडी आली. चपाती काळसर का, असं ह्यांनी एकदा विचारलं. म्हटलं, खपली गहू आहे, भारी असतो, तो असाच दिसतो. झालं! पुढं हेच आल्यागेल्याला सांगायला लागले, की आमच्याकडं खपलीशिवाय खात नाहीत. शेवग्याचा पाला मेथी म्हणून खाल्ला. पांढरा तांदूळ कमी होत होत ताटाच्या कडेला गेला, तेही कळलं नाही.

जखम भरली. साखर उतरली. गोळ्या चालू होत्या, अजिंक्यताऱ्याची चढणही रोज चालू होती, ते नाकारत नाही. पण ताट माझं होतं! डॉक्टरांनी रिपोर्ट बघून एक गोळी कमी केली आणि विचारलं, सुभेदार, खाता काय? ह्यांनी छाती पुढं काढली. "फौजी मानूस हाय डाक्टर. साधी गव्हाची चपाती. दुसरं काय न्हाई." आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात ते हेच. मी शेजारी बसून पर्सची चेन लावत होते, उघडत होते, लावत होते. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

तर हा खोटेपणा. याची मला लाज वाटत नाही, उद्या पुन्हा करीन. कबूल करायचं आहे ते हे नाही.

कबूल करायचं आहे ते स्नेहलचं.

स्नेहल माझी सून. सांगलीची. बँकेत नोकरी करते, हिशेबाला चोख, बोलायला गोड, उसळ अशी करते की शेजारचे वाटी घेऊन येतात. लग्न होऊन आली तेव्हा माझं मिसळणं ऐन भरात होतं. सकाळच्या डब्याच्या चपात्या तिनं स्वतःहून अंगावर घेतल्या. पहिल्या दिवशी पीठ मळलं, लाटायला घेतलं — आणि कडा फाटायला लागल्या. तव्यावर टाकताना चपातीचा तुकडा पडला. एक फुगेल तर शपथ. दुपारी डबे उघडले तेव्हा चपात्यांचे पापड झाले होते.

माझ्या का तुटत नव्हत्या? कारण आत काय आहे ते मला माहीत होतं. मी पीठ कडकडीत पाण्यात मळायचे, झाकून ठेवायचे, तेलाचा हात सढळ. साधं आहे. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. नाही सांगितलं.

ती बिचारी काय काय करत बसली! मोबाइलवर बघून दुधात पीठ मळलं. पोळपाट बदलला, तवा बदलला. बोटं भाजून घेतली. तुटलेल्या चपात्या कुणाला दिसू नयेत म्हणून ओट्याशी उभ्या उभ्या स्वतः खाऊन टाकायची. एका रविवारी दुपारी कोपरापर्यंत पीठ माखलेले हात घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आई, माझं काय चुकतंय ओ? सांगलीत तर जमायच्या मला." आणि मी — काय म्हणाले असेन? म्हणाले, पाणी बदललं की होतं असं. हात बसायला वेळ लागतो. किती मायेनं म्हणाले! तिच्या कपाळावरची बट मागे सारली आणि म्हणाले.

एकदा तिला शंका आली होती. जेवताना हळूच म्हणाली, पीठच वेगळं लागतंय का बघा ना. ह्यांनी लगेच सुनावलं, "व्हय, नाचता येईना आन् अंगण वाकडं!" सगळे हसले. तीही हसली, मान खाली घालून. अंगण खरोखरच वाकडं होतं. मीच केलं होतं. मीही हसले.

तेव्हापासून गिरणीला मी कुणाला जाऊ दिलं नाही. गुडघे दुखत होते तरी डबा मीच उचलायचे. गिरणीवाला एकदा म्हणाला, "काकी, आज नाचणी लय वाटतीय." मी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो दळणाकडं वळला. घरी मात्र माझं कौतुक व्हायचं — आई बघा, सुनेला डबासुद्धा उचलू देत नाहीत.

स्नेहलच्या आईला मी विहीणबाई म्हणते. त्या नातवाच्या वाढदिवसाला सांगलीहून आल्या. पंगत बसली होती. ह्यांना पाहुण्यांसमोर थट्टा करायचा भारी सोस. म्हणाले, "विहीणबाई, पोरगी सोन्यावानी दिलीसा, पर लाटणं द्यायचं इसरलासा!" हशा पिकला. विहीणबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "आमचंच चुकलं दादा. शिकवायचं राहून गेलं." ज्या बाईनं एवढी गुणी मुलगी वाढवली, ती माझ्या घरात, माझ्यामुळे, भरल्या पंगतीत माफी मागत होती. मी चटणी वाढत होते. गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "असू द्या हो, होईल हळूहळू. मी आहे ना." विहीणबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मीच लेकीची तारणहार.

तुम्ही म्हणाल, ती ह्यांच्यासमोर बोलून गेली असती तर? तशी भीती होती का? होती. पण स्नेहल पोटात ठेवणारी मुलगी आहे, मला महिनाभरातच कळलं होतं. मग भीती संपल्यावरही मी का नाही सांगितलं? खरं सांगू? घरात दोन हातांच्या चपात्या व्हायच्या, सकाळी तिच्या, रात्री माझ्या. आणि सगळे रात्रीची वाट बघायचे. मुलगा म्हणायचा, आई, उद्या डब्याच्यापण तूच कर ना. ते मला आवडायचं. बाकी सगळ्यात ती माझ्यापेक्षा सरस होती हो. मला एक तरी जागा हवी होती, जिथं ती नसेल. म्हणून तिचं नाव बुडू दिलं, वर्षानुवर्षं. तिच्या भिशीच्या मैत्रिणी जेवायला आल्या की ती चपात्या बाहेरून विकत आणायची. मी गरम करून द्यायचे.

परवाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. हे सकाळी फिरून आले ते खांद्यावर पिशवी घेऊनच. धाप लागलेली, चेहरा लाल. पिशवी माझ्यापुढं आपटली. आत नाचणी! किल्ला चढणाऱ्या सोबत्यांपैकी कुणीतरी ह्यांना पटवलं होतं. माझ्यावरच डाफरले, "आजपासनं मला नाचणीची भाकरी. आगं, सारी दुनिया नाचणी खातीय आन् तू इतकी वर्सं मला गहू खायाला घालतीस! डोकं हाय का न्हाई तुला?"

मी पदर तोंडात धरला आणि देवघरात पळाले. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. जिंकले! ज्या भाकरीला पुन्हा तोंड लावणार नव्हते, तीच मागत होते, आणि वर मलाच अक्कल शिकवत होते. त्या दिवशी मी त्यांना गरम पातळ भाकरी, ठेचा आणि ताज्या ताकाचा पेला दिला. दोन भाकरी खाल्ल्या. मेढ्याचं पाणी काय असतं, आई चुलीवर कशी थापायची, सगळं सांगत बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या आईविषयी एवढं ऐकलं.

आता चोरून मिसळायची गरजच उरली नव्हती. पुढच्या दळणाला मी बाकीच्यांसाठी नुसता गहू टाकला. घरी आणून डब्यात ओतला. विचारसुद्धा केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "आई! ओ आई, इकडं या लवकर!" मला वाटलं भाजलं. धावत गेले. स्नेहल तव्यापुढं उभी होती आणि तव्यावर चपाती टम्म फुगली होती, गोल, पांढरी, एक डाग नाही. दुसरी टाकली, तीही फुगली. तिसरीही. पोरीचे डोळे भरून आले. हे आले, मुलगा आला. ह्यांनी चपाती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "आली की पोरीला चपाती! सासूनं हात धरून शिकवलं म्हनून आली, ध्यानात ठेव." तिनं वाकून मला नमस्कार केला. पिठाच्या हातानंच सांगलीला फोन लावला. "मम्मी, जमलं मला! अगं, खरंच! आईंनी माझा नाद सोडला नाही, म्हणून जमलं."

विहीणबाईंनी फोन मला द्यायला सांगितला. म्हणाल्या, "तुमचे लय उपकार हायत ताई. दुसरी कुणी असती तर माझ्या पोरीला घालूनपाडून बोलली असती."

मी म्हणाले, "अहो, त्यात काय. लेकीसारखीच आहे."

मग सगळे बसलो. तिनं मला पहिली चपाती वाढली. मऊ होती, पदर सुटलेले होते, मी करते त्याहून चांगली होती. मी दोन खाल्ल्या. मी तिला काहीही शिकवलेलं नाही. तिला चपाती येत होती. आमच्या घरी आली त्या दिवशीही येत होती.