मापाची काठी

माझा बाप सुतार होता आणि हाताला येईल त्याने मारायचा. चप्पल, फळकुटाचा तुकडा, रंधा, एकदा तर सरसाचं गरम भांडं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

फक्त एका वस्तूने त्याने कधी मारलं नाही, ती म्हणजे मापाची काठी.

तेव्हा कोराडीला वीज केंद्राच्या क्वार्टरांचं काम जोरात होतं. सगळी घरं एकसारखी, सगळी दारं एकसारखी. ती दारं नागपुरात आमच्या अंगणात तयार व्हायची आणि ठेकेदाराचा ट्रक येऊन घेऊन जायचा. बापाने सागाची एक सरळ पट्टी रंधून तिच्या कडांवर चाकूच्या टोकाने खुणा कोरल्या होत्या. दाराची उंची इथे, बिजागरी इथे, कडी इथे. काठी लाकडाला लावायची, खूण उतरवायची आणि करवत चालवायची, बस्स. तिच्या टोकाचा टवका उडाला तरी पुढचं प्रत्येक दार चुकणार. म्हणून ती भिंतीला टेकवायची नाही, ओलांडायची नाही, काम झालं की घरात दोन खुंट्यांवर आडवी ठेवायची. आम्हा पोरींपेक्षा त्या काठीचे लाड जास्त होते.

आईचं डावं मनगट त्याने आधीच एकदा मोडलं होतं. हाड बसवणाऱ्याने ते वाकडंच बसवलं आणि जाताना सांगून गेला, पुन्हा मार लागला तर हा हात कामातून गेला समजा. भाकरी थापताना तो हात थरथरायचा. मला दुसऱ्या कशाची भीती नव्हती, त्या मनगटाची होती.

एका दुपारी बापाने जेवता जेवता लाकडी हातोडा फेकला. कारण आठवत नाही, त्याला कारण लागायचं नाही. हातोडा आईच्या कानाजवळून भिंतीवर आदळला. आई मागे धडपडली, तिच्या हाताला खुंट्यांवरची काठी लागली आणि तिने ती दोन्ही हातांनी अंगापुढे धरली. बाप हात उगारून धावला होता, तो जागच्या जागी थांबला.

“ठेव ते काठी.”

“माराल तं मोडीन.” आईने काठी गुडघ्याला लावली.

“अवं, मापं आहेत ना तिच्यात! दे इकडे.”

आईने दिली नाही. बापाने अंगणात जाऊन पाण्याचा माठ लाथेने फोडला, पण आईला हात लावला नाही. त्या दिवसापासून आमचा शिरस्ताच पडला. बापाचा श्वास बदलला की मी धावत जाऊन काठी आईच्या हातात द्यायची. भांडी फुटायची, शिव्यांनी मोहल्ला गोळा व्हायचा, पण मनगट शाबूत राहायचं.

मग ठेकेदाराने बर्डीच्या बाजारातून मापाचा लोखंडी टेप आणून दिला. डबीतून सर्रकन बाहेर यायचा, सर्रकन आत जायचा. बाप संध्याकाळभर त्याच्याशी लहान पोरासारखा खेळला. दुसऱ्या दिवशी मला मापाची काठी सरपणात पडलेली दिसली. मी आईला सांगितलं. तिने काठी काढली, पदराने पुसली आणि परत खुंट्यांवर ठेवली.

त्या टेपच्या टोकाची आकडी जराशी हलते. माप बरोबर यावं म्हणून ती मुद्दामच तशी ठेवलेली असते, हे मला फार पुढे कळलं. बापाला वाटलं, माल ढिला आहे. त्याने हातोडीने ठोकून आकडी पक्की केली. ठोकता ठोकता ती वाकलीही. त्या टेपवर केलेली दारं चौकटीत बसेनात. ठेकेदार ट्रक घेऊन आला आणि त्याच्या माणसांनी दारं आमच्या अंगणात धडाधड फेकून दिली.

“टेप समजत नाही अन् सोताले सुतार म्हणते,” ठेकेदार अख्ख्या मोहल्ल्यादेखत बोलला. “जाय, लाकडं फोड.”

ट्रक वळला तसा बाप आईकडे वळला. “माह्या टेपले कोनं हात लावला?” मी काठी आईच्या हातात दिलीच होती. तिने ती अंगापुढे धरली. बाप हसला.

“मोड ना. मोड! कोनाले पाह्यजे आता ते?”

आणि त्याने पडलेल्या दाराची सुटलेली फळी उचलून हाणली. ती नेमकी त्या वाकड्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आई खाली बसली, पण उजव्या हातातली काठी तिने सोडली नाही.

“माप नाही ना आता हिच्यात?” तिने विचारलं.

“नाही म्हनलं ना!”

“मंग घे.”

पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. तिसऱ्याला काठी मधोमध मोडली, तर ती उरलेल्या तुकड्याने मारत राहिली. सारा जन्म ज्याला आई ‘तुम्ही’ म्हणत आली, त्याला म्हणाली, “तुले काय वाटलं, मले मारता येत नव्हतं? मापासाठी थांबली होती मी!” बाप डोकं हातांत धरून आपल्याच दारांवर कोसळला. मी आईला अडवलं नाही. मला फार बरं वाटत होतं.

आईचा हात गेला तो गेलाच. त्यानंतर आमच्या घरी भाकरी मी थापायची. बापाने कामासाठी नवी काठी केली, पण ती घरात आणली नाही, अंगणातच ठेवली. खुंट्यांवर आईने तो मोडका तुकडा ठेवला. बापाचा राग काही गेला नाही, हातही उचलला जायचा. पण आधी त्याची नजर खुंट्यांकडे जायची, आणि मग हात खाली यायचा.