हळद लावलेले बांगडे

आश्विन सरत आला तरी वारा पडलेलाच. सकाळी सातलाच घोडबंदर रोडचं डांबर तापायला लागलं होतं आणि जोगेश्वरीच्या वळणावर, पत्र्याच्या खानावळीत, सोनूबाई कोळीण चुलीत लाकडं सारत होती.

नवरा होडीसकट दर्यात गेला, त्या साली तिनं चार बांबू रोवून ही खानावळ मांडली. त्याला आता, अडुसष्टात, चौदा वर्षं झाली. गुजरातेतून येणारे लॉरीवाले भूक मारून गाडी इथवर आणायचे. एकवीरेच्या नावाचं पान काढल्याशिवाय चुलीवरचं कुणी चाखायचं नाही, ही तिच्या घरची रीत. त्यामुळं मीठ-आंबट सगळं ती वासावर ठरवी. कालची उरली मासळी ठेवायची की फेकायची, तेही तिचंच नाक सांगे, आणि त्यावर कुणी बोलत नसे.

श्रावणात तिला ताप आला. गेला तो वास घेऊन गेला. तिनं कुणाला सांगितलं नाही. चूल सुटलेल्या म्हाताऱ्या तिनं वेसाव्याच्या कोळीवाड्यात बघितल्या होत्या. दारात बसवलेल्या, आठवण झाली तर घास. दोन महिने तिनं हाताच्या सवयीवर आणि डोळ्यांवर काढले. कल्ले लाल, डोळा स्वच्छ, तो मासा ताजा.

त्या दिवशी ताजी मासळी आलीच नाही. टोपात कालचे बांगडे होते. सून वनमाला हिनं आदल्या दुपारीच डोकी काढून, हळद-मीठ लावून ठेवलेले. डोकंच नाही तर बघायचं काय? सोनूबाईनं टोप उचलून नाकाशी धरला, रोजच्यासारखा.

"आये, वास मारतंय," वनमाला म्हणाली.

"तुज्या मायेराला सुकट खातान. तू मना ताजा-शिला शिकवू नको. टाक कालवणान."

दुपारी पहिल्या घासालाच दोघा-तिघांनी ताटं सारली. धोंडिराम, सातारकडचा ड्रायव्हर, नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, अर्ध्यावर थांबला. सोनूबाईनं विचारलं, का रे, तिखट झालं का. त्यानं मान हलवली, "फस्क्लास हाय, आई," म्हणाला आणि ताट पुसून उठला.

संध्याकाळी त्याला ओकाऱ्या लागल्या. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्यानं जीव सोडला.

सोनूबाईचा मुलगा चंदर बातमी घेऊन आला तो थेट बायकोवर धावला. बांगडे हिनं ठेवले, हिनंच माणूस मारला, आता हिनं मढला माहेरी जावं, पोर इथंच राहील. वनमालानं सासूकडे एकदाच बघितलं. मग लुगडी गाठोड्यात भरायला लागली. दोन वर्षांची पोर गाठोड्यावर चढून बसली, तिला उचलून तिनं बाजूला ठेवलं.

"तिला बोलू नको, चंदर," सोनूबाई म्हणाली. "वास हिना सांगला होता. माजाच नाक मेलाय, सरावनापासून."

चंदरला ते पटलं नाही. "आये, तू हिला पाठीशी घालू नको. तुजा नाक सगल्या वेसाव्याला ठावं हाय."

"मग आन राकेल."

तिनं डोळे मिटले. बराच वेळ गेला. पोर मधेच शिंकली.

"आनलास का नाय रे?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

चंदरच्या हातातली रॉकेलात भिजलेली चिंधी तिच्या नाकापासून बोटभर अंतरावर होती.

वनमालानं गाठोडं सोडलं. म्हातारीला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर तिला सोसलं असतं.

चूल वनमालाकडे गेली. पण लॉऱ्या आता वळणावर थांबत नसत, पुढच्या ढाब्याला जात. एखादा जुना ड्रायव्हर चहापुरता टेके आणि बरोबरच्या क्लीनरला सोनूबाईच्या सुरमईच्या कालवणाची गोष्ट सांगे, ती चार हातांवर बसलेली असताना, मेलेल्या माणसाची सांगावी तशी. धोंडिरामचं नाव कुणी काढत नसे. ती मात्र रोज एकवीरेच्या पानाशी त्याच्या नावाचा एक घास बाजूला काढायला सांगे.

"आये, नारल," वनमालानं आतून हाक दिली.

सोनूबाईनं विळी पुढं ओढली, नारळ फोडला आणि खवायला बसली.