मशीन काढून फोटो काढा म्हणे...

तीन-चार महिन्यांपूर्वी नागपुरात बर्डीवर एका व्हिसा एजंटच्या ऑफिसात गेले होते. तिथे जे झालं ते आज लिहितेय, कारण त्याच दिवशी लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्याच आल्या असत्या...

थोडं आधीचं सांगते. आमची सई दहा वर्षांची आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांत मशीन आहे, त्याने थोडंफार कळतं, बाकी ती समोरच्याचे ओठ वाचते. आणि बोलते! फार स्पष्ट नाही, पण भरपूर.

माझा नवरा प्रशांत बुटीबोरीला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. दीड वर्षापूर्वी तो बाहेर गेला, ते नोकरीपेक्षा तिथल्या एका शाळेसाठी. सईसारखी मुलं तिथे बाकीच्या मुलांसोबत एकाच वर्गात शिकतात, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या मॅडम वर्गातच असतात. सईला अ‍ॅडमिशन मिळाली. राहिला होता फक्त आमच्या दोघींचा व्हिसा.

फक्त म्हणतेय मी... पासपोर्टवर माझं नाव एक, सईच्या जन्मदाखल्यावर दुसरं. ते दुरुस्त करायला ऑफिसातून हाफ डे घेऊन कोराडीहून बसने किती चकरा मारल्या, विचारू नका. शेवटी कंटाळून एजंट गाठला.

माणूस तसा गोड बोलणारा. सईसाठी बिस्किटं मागवली. फाइल चाळता चाळता तब्येतीच्या पानावर थांबला, सईच्या कानांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे झुकून एकदम हळू आवाजात सुरू झाला.

"मॅडम, हे ऐकू येत नाही वगैरे लिहू नका. तिथलं सरकार अशा मुलांचा खर्च पाहते अन् पूर्ण फॅमिलीलेच रिजेक्ट करते. सीधं 'नाही'वर टिक करा."

"पण मेडिकलमध्ये कळेलच ना?"

"काही नाही कळत. डॉक्टर नाव विचारते, शाळा विचारते. बेबी समोर पाहून बरोबर सांगते ना? घरी थोडी प्रॅक्टिस करून घ्या. अन् फोटो मशीन काढून काढा, केस मोकळे सोडा."

प्रॅक्टिस! 'प' आणि 'ब' ओठांवर सारखेच दिसतात. तो फरक कळावा म्हणून ही पोर कितीतरी दिवस माझ्या गळ्यावर हात ठेवून आवाजाची थरथर ओळखत बसायची... ती मेहनत आता खोटं बोलायला वापरायची?

आणि हा माणूस आवाज कमी करून बोलत होता, तिला कळू नये म्हणून. अहो, तिला तुमच्या आवाजाशी काय घेणं? ती समोर बसून तुमचे ओठ वाचत होती.

सईला आपला आवाज किती मोठा लागतो ते समजत नाही. तिने विचारलं, "आई, मशीन काहून काढायचं?" अख्ख्या ऑफिसला ऐकू गेलं. बाकड्यावर बसलेले लोक वळून बघायला लागले.

एजंट आधी गोंधळला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण त्याने चक्क तोंडावर आडवा हात धरला आणि पुन्हा माझ्याशी बोलू लागला.

तिथे माझं डोकं फिरलं. एरवी बाहेर मी जपून बोलते, पण रागात घरचीच भाषा येते. म्हटलं, "हात काढा तोंडावरचा. तिच्याबद्दलच बोलून राहिले ना तुम्ही? मग तिले दिसू द्या."

त्याने हात काढला. मी फाइल उचलली, सईचा हात धरला आणि बाहेर पडले.

संध्याकाळी प्रशांतचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून म्हणतो, "काहून भांडली वं त्याच्याशी? एकदा इकडे येऊन जा, मग सांगू ना सगळं." एकटा राहून कंटाळलाय, हे मला कळतं. पण त्या क्षणी त्याचाही इतका राग आला की मी फोन सरळ सईच्या हातात दिला.

तिने विचारलं, "बाबा, तिथल्या शाळेत पण मशीन काढून बसायचं का?"

प्रशांतने फोन जवळ ओढला. मग तिला नीट दिसेल असा चेहरा कॅमेऱ्यासमोर आणून म्हणाला, "नाही बेटा. घालूनच यायचं."

दुसऱ्या दिवशी तो सुट्टी काढून शाळेत गेला आणि घडलं ते सांगितलं. तिथल्या हेडमास्तरीणबाईंनी लगेच पत्र दिलं, की ही जागा अशाच मुलीसाठी आहे आणि तिची सगळी सोय शाळा करते. अर्ज आम्हीच भरला. खरं ते लिहिलं.

मग व्हिसावाल्यांनी कानांचे रिपोर्ट मागितले, ते दिले तर अजून मागितले. तिकडे शाळा सुरू झाली आणि सई इथेच! रोज वाटायचं, एजंटचं खरं ठरलं तर?

परवा मेल आला. दोघींचा व्हिसा झाला... त्या हेडमास्तरीणबाईंना मी अजून पाहिलेलं नाही, पण त्यांचे उपकार विसरणार नाही.

काल सईच्या स्पीच क्लासमध्ये पेढे वाटले आणि हा किस्सा सांगितला. तिथल्या मुलांच्या सगळ्या आया हसल्या, एक ताई सोडून. नंतर त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की त्यांनाही असाच सल्ला मिळाला होता आणि त्यांनी तो ऐकला. मुलाचा तसा फोटो काढला. व्हिसा तर मिळालाच नाही, आणि पोराने तेव्हापासून घराबाहेर मशीन घालणं सोडलंय.

आम्ही पुढच्या आठवड्यात निघतोय. आनंद आहेच, पण राग अजून उतरलेला नाही. त्या पोराला कुणीतरी समोर बसून, तोंडावर हात न धरता सांगायला हवं, की बाळा, चूक तुझ्या कानांची नव्हती.